अकरा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधले चाळीस सेकंद

या भुतांच्या गोष्टींच्या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे, आणि खरं सांगू, फक्त हसायला आहे. तुमच्या पिंपळावरच्या बाया, रस्त्यात लिफ्ट मागणारी माणसं... मी त्यांचे आवाज काढून मित्रांना चहाच्या टपरीवर ऐकवतो. तेव्हा आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर माझी जितकी खेचायची तितकी खेचा. माझा हक्कच नाही तक्रार करायचा.

मराठी सांभाळून घ्या. मी देवासचा. घरात मराठी, शाळा हिंदी, गल्लीत माळवी. जसं बोलतो तसं लिहितोय.

मी मिमिक्री करतो. नेते, मास्तर, भाजीवाले, आमच्या शेजारची म्हैस — सगळं. तर आमच्या इथे एक जुनं मराठी वाचनालय आहे, टेकडीच्या रस्त्याला. तिथे आता रोज चार माणसं येतात, त्यातली दोन पंख्याखाली झोपायला. अध्यक्ष काकांनी कुठेतरी ऐकलं की वाचनालयं आजकाल व्हिडिओ टाकतात, पॉडकास्ट करतात, घरबसल्या लोकांना पुस्तकं वाचून दाखवतात. मग त्यांना मी आठवलो. म्हणाले, ते तुझं तोंड वाजवतोस ना दिवसभर, ते जरा समाजाच्या कामी लाव.

वाचनालय सांभाळतात नलूताई. तिथे लागून एकोणीस वर्षं झाली. बारीक चणीच्या, चष्मा दोरीत अडकवलेला, आणि सगळं वहीत लिहायची सवय. पंखा बिघडला लिहितील, मांजर आली लिहितील. त्यांच्या वर अप्पा होते, शेवटपर्यंत. अप्पांना देवासची सगळी मराठी मंडळी ओळखायची. लहानपणी मी कॉमिक्स मागायला जायचो तेव्हा ते चष्म्यावरून बघून म्हणायचे, "आधी हात धुऊन ये." चार वर्षांपूर्वी गेले. माझ्या सगळ्या आवाजांत सुपरहिट आवाज अप्पांचाच. नाकातून काढायचा, प्रत्येक वाक्याआधी खाकरायचं, की बस — लोक लोळायचे.

चॅनल सुरू झाला. दोन भाग बरे गेले. मग अध्यक्ष काका म्हणाले, आपली पोथी दाखव. वाचनालयातली सगळ्यात जुनी वस्तू, कुणीतरी हाताने उतरवलेली पोथी, लाकडी पेटीत, काचेच्या कपाटात कुलुपात. मी म्हटलं, रेकॉर्ड कशाला, लाइव्ह करू. मजा येईल.

आली मजा. साठेक लोक बघत होते. म्हणजे आमच्यासाठी स्टेडियम भरलं. नलूताईंनी कुलूप काढलं, मी कॅमेरा पेटीवर नेला, झाकण उघडलं...

पेटी रिकामी.

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण भिया, मला गप्प बसता येत असतं तर मी मिमिक्री कशाला केली असती. मी अध्यक्ष काकांच्या आवाजात म्हटलं, "नलूताई, रद्दीवाल्याला घातली काय?" लोकांनी हसरे चेहरे टाकले. नलूताई रिकाम्या पेटीकडे बघत राहिल्या. मी लाइव्ह बंद केलं तेव्हाही त्या तशाच होत्या.

दोन दिवसांत माझा जोक बातमी झाला. इंदूरपर्यंत फोन गेले, पोथी रद्दीत विकली म्हणून. कपाटाची किल्ली अप्पांनंतर नलूताईंकडेच होती. चार वर्षांत त्यांनी पेटी एकदाही उघडून पाहिली नव्हती, कपाटाला कुलूप आहे म्हणजे पोथी आहे असं त्या धरून चालल्या होत्या. रजिस्टरमध्ये पोथी कुणाला दिल्याची नोंद नाही. कमिटीची मीटिंग रविवारी ठेवली. पोथी नाही तर नलूताई पण नाही, हे आधीच ठरलेलं होतं, मीटिंग फक्त चहासाठी.

मी माफी मागायला गेलो. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "मला चोर म्हणाले असते तर चाललं असतं रे. रद्दीत घातली म्हणाले." मी ग्लास तसाच खाली ठेवला.

तेव्हा मला आयडिया आली, आणि ती अगदी साधी होती. पुढच्या भागात अप्पांच्या आवाजात लोकांकडे राहिलेली पुस्तकं परत मागायची. कुणाकडे चुकून पोथी गेली असेल तर लाजेकाजेने परत येईल. मंगळवारी दुपारी चार वाजता, वाचनालयातच, मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्ड केलं. खोलीत आम्ही दोघंच. मी अप्पांच्या आवाजात यादी वाचली — अमक्या काकूंकडे भाज्यांचं पुस्तक, तमक्या वकिलांकडे योगासनं, "पोट तर दिसत नाही कमी झालेलं." नलूताई समोर बसल्या होत्या. आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. मी थांबवलं तेव्हा स्क्रीनवर अकरा मिनिटं बरोबर होती. त्यांनी वहीत लिहिलं : भाग तिसरा, अकरा मिनिटे. माझ्यासमोर लिहिलं.

मला एडिटिंग येत नाही. आहे तसं टाकून दिलं आणि घरी जाऊन शेव-परमल खात बसलो.

सकाळी कॉमेंट बघितल्या. एकाने लिहिलं होतं — भिया, सात मिनिट बीस सेकंद पे तो तूने रोंगटे खड़े कर दिए, अप्पा ही बैठे हैं एकदम. मी खूश. म्हटलं बघू तरी काय केलं आपण.

सात मिनिटं वीस सेकंदांवर वकिलांच्या पोटाचा जोक संपतो. नलूताईंचं हसू ऐकू येतं. मग ते हसू मध्येच बंद होतं. एक खुर्ची सरकते. कुणीतरी खाकरतं. आणि आवाज येतो.

"देवास. सुतकाचं पुस्तक, एक. नोंद नाही. धार, किल्ल्याच्या उताराला, घड्याळवाल्याच्या वर. तेरावं झालं. माझं यायचं राहिलं."

मग नुसता श्वास. मग —

"शिवणाच्या मशीनखाली आहे. घेऊन या."

आणि लगेच नलूताईंचं हसू पुढे सुरू, आणि मी, माझ्या नाकातल्या अप्पांमध्ये, पुढचं नाव वाचतोय.

मी परत लावलं. परत लावलं. हातातला चहा थंड झाला. बघा, नकल करणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. नकल मूळ माणसापेक्षा नेहमी थोडी जास्त असते. जास्त नाकात, जास्त खाकरणं, म्हणून तर लोक हसतात. हा आवाज जास्त नव्हता. नाकात पण नव्हता. जितका होता तितकाच होता.

मोबाइलमधलं मूळ रेकॉर्डिंग उघडलं. त्यातही तेच. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

वाचनालय उघडायच्या आधी मी पायरीवर बसलेलो. नलूताई आल्या, मी इअरफोन दिले. त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. इअरफोन काढले, नीट गुंडाळले, आणि विचारलं,

"सुतकाचं पुस्तक तुला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं ताई, मला सुतकाचं पुस्तक म्हणजे काय तेच माहीत नाही. मी हे बोललोच नाही. तुम्ही समोर होतात.

त्या खरंच समोर होत्या. त्यांनी पिशवीतून वही काढली, अकरा मिनिटे वाचलं, बंद केली. मग सांगितलं. कुणाच्या घरी माणूस गेलं की ते घर तेरा दिवस वाचनालयात येत नाही, शिवाशिव नको म्हणून. मग अप्पा स्वतः वाचायला काहीतरी घेऊन त्या घरी जायचे. त्याची नोंद करायची नाही. दुःखाच्या घरात सही मागायची नाही, हा अप्पांचा नियम. तेरावं झालं की स्वतःच जाऊन परत आणायचे. सगळं डोक्यात. कमिटीला कधी कळू दिलं नाही, नलूताईंनीही कधी कुणाला सांगितलं नाही. आणि ती पोथी मुळात सुतकात वाचण्यासाठीच उतरवलेली होती. ती अशीच कुठे गेली असेल हे ताईंच्या मनात आलं होतं, पण कुठल्या घरी ते माहीत नाही, आणि अप्पांची गोष्ट कमिटीसमोर उघडी करायची नव्हती.

"पण धारला कुणाकडे," त्या म्हणाल्या, "ते मला नाही माहीत."

आम्ही वाचनालयाचं कुलूप न काढताच बसस्टँडला गेलो. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा वाचनालय सुट्टी नसताना बंद राहिलं असेल, आणि तेही वहीत न लिहिता. देवासहून इंदूर, इंदूरला बस बदलून धार. रस्ताभर मी एक आवाज काढला नाही. नलूताईंनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

धारला किल्ल्याच्या उतारावर घड्याळवाला विचारला. एकच आहे म्हणाले. लहानसं दुकान, डोळ्याला भिंग लावलेला म्हातारा. वर कोण राहतं विचारलं तर भिंग न काढता म्हणाला, "ऊपर मैडम रेवे हे. एकली हे. जाओ भिया."

दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. सुलभाबाई, शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. नलूताईंनी देवासच्या वाचनालयातून आलो एवढंच सांगितलं. बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चला, आठवण झाली म्हणायची. पण अप्पा का नाही आले?"

नलूताईंनी सांगितलं. बाई दारातच खुर्चीवर बसल्या. त्यांचे यजमान, अप्पांचे जुने वाचक, चार वर्षांपूर्वी गेले. चौथ्या दिवशी अप्पा बसने पोथी घेऊन आले होते, हातात तेवढीच पिशवी. जाताना म्हणाले होते, कुणाच्या हाती देऊ नका, तेराव्यानंतर मी स्वतः येईन. आमचे अप्पा त्यानंतर नवव्या दिवशी गेले. म्हणजे तेराव्याच्याच दिवशी. बाईंना कुणी कळवलंच नाही. त्या चार वर्षं मनातून अप्पांवर रागावून होत्या की शब्द देऊन आले नाहीत.

डोळे पुसून बाई उठल्या आणि आतल्या खोलीकडे निघाल्या. आणि माझ्या तोंडून गेलं, अगदी हळू —

"शिवणाच्या मशीनखाली आहे का?"

बाई थांबल्या. मागे वळल्या.

"तुला कुणी सांगितलं?"

इथपर्यंत माझ्याकडे एक उत्तर होतं बरं का. बसमध्ये मी तेच घोकत आलो होतो. लहानपणी अप्पांच्या आजूबाजूला घुटमळायचो, कधीतरी कानावर पडलं असेल, डोक्यात कुठेतरी राहिलं असेल, अप्पांचा आवाज काढताना आपोआप निघालं असेल. नलूताईंना हसण्यात ऐकू आलं नसेल. वेळ लिहायला चुकल्या असतील. बसतं ना? मी बसवलं होतं.

बाई म्हणाल्या, पोथी चार वर्षं लोखंडी कपाटात होती. मशीन भाचीने मागच्या दिवाळीत आणून दिली. आणि परवाच, सोमवारी, कपाटात ओल दिसली म्हणून त्यांनी पोथी काढून, लाल फडक्यात बांधून, मशीनखालच्या डब्यात ठेवली. सोमवारी. मी मंगळवारी रेकॉर्ड केलं.

"घरात मी एकटी," बाई म्हणाल्या. "मी तर कुणाशी बोललेही नाही."

मला मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं. बाहेर आलो तर दोघी बायका फडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, गाठ न सोडता. खाली घड्याळवाल्याकडे चारचे ठोके पडले, सगळ्या घड्याळांचे मागेपुढे.

रविवारी पोथी टेबलावर ठेवली. अध्यक्ष काकांनी विचारलं कुठे होती, नलूताई म्हणाल्या, अप्पांनी दिली होती, आम्ही आणली. बस. मी लाइव्ह जाऊन माफी मागितली, माझ्याच आवाजात. काकांनी नलूताईंना परत आल्याची नोंद करायला सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, या पुस्तकाची नोंद होत नाही. आणि कमाल म्हणजे, काकांनीच रजिस्टर मिटलं.

सुलभाबाईंना मी तो भाग पाठवला नाही. नलूताईंनी मात्र एकदा, सगळे गेल्यावर, चष्मा पुसत विचारलं, "अप्पा करून दाखव रे जरा." मी खाकरलो. नाकातून लावला. माझाच आवाज निघाला. परत लावला, परत माझाच. नेते निघतात, मास्तर निघतात, म्हैस पहिल्यापेक्षा चांगली निघते. अप्पा त्या मंगळवारपासून निघत नाहीत. नलूताई म्हणाल्या, असू दे.

तो भाग अजून चॅनलवर आहे. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. वहीत अकरा मिनिटे लिहिलेलं आहे, आणि ताईंनी ते खोडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ओल लागलेलं कपाट, दिवाळीत आलेली मशीन आणि मंगळवारची दुपार एका ओळीत बसवता आली तर मला सांगा, मी ऐकेन, शप्पथ हसणार नाही. फक्त अप्पांचा आवाज काढ म्हणू नका.