दुपट्ट्याखालचा व्यवहार

मी नोकरीला लागले तेव्हा नागपूरच्या त्या इस्पितळात मानसशास्त्रज्ञाची जागा मंजूर झालेली होती, पण खोली मंजूर झालेली नव्हती. बरीच लिखापढी झाल्यावर चादरी ठेवायची खोली मला मिळाली. चादरी तिथेच राहिल्या. पेशंट मन मोकळं करत असायचा आणि आया आमच्या डोक्यावरून गठ्ठे काढून न्यायच्या. जाताना त्याला दोन शब्द सल्लाही देऊन जायच्या, आणि कित्येकदा तो त्यांचंच ऐकायचा.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं होती. बंगलोरला शिकून आलेली मी रोज सक्करदऱ्याहून सायकलनं यायचे. दाराबाहेर मी हौसेनं पाटी लावली. ती वाचून लोक आल्या पावली परत जायला लागले, कारण मनाचा डॉक्टर म्हणजे पागलांचा डॉक्टर, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग मी पाटी काढली. त्यानंतर माझं नाव ‘समजावणारी बाई’ पडलं. हे नाव पेशंटांनी नाही, डॉक्टरांनी पाडलं. ज्याला इन्सुलिन नको, ज्याला कमरेचं प्लास्टर सहन होत नाही, जी बाई भाजल्यावर सारखा आरसा मागते, ते सगळे माझ्याकडे. सोबत चिठ्ठी असायची: ऐकत नाही, समजवा. समजवा म्हणजे डॉक्टरांच्या मनात आहे ते पेशंटच्या तोंडून वदवून घ्या. पहिल्या वर्षी मला याचा राग यायचा. दुसऱ्या वर्षीही यायचा.

घशाच्या सर्जननं एकदा अशीच चिठ्ठी पाठवली. त्यात थोडा बदल होता. ‘ऑपरेशनला नकार. बुद्धी तपासा.’

चिठ्ठी घेऊन आला तो पन्नाशी ओलांडलेला, काळासावळा, खांद्यावर दुपट्टा टाकलेला माणूस. खापरखेड्याच्या पलीकडच्या एका गावचा. गुरांच्या बाजारात दलाली करायचा. त्याच्या स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ होती. लाईट देऊन झाली होती, म्हणजे किरणांचे शेक झाले होते, आणि गाठ काही हटली नव्हती. आता स्वरयंत्र काढणं हा एकच उपाय उरला होता. ते काढलं की माणूस वाचतो, श्वास मानेतल्या भोकातून घेतो आणि आवाज कायमचा जातो.

चिठ्ठीत लिहिलं होतं म्हणून मी ठोकळ्यांची चाचणी काढली. त्यानं सगळ्या आकृत्या भराभर जुळवल्या.

“हे लेकरायचं हाय का?” त्यानं विचारलं. आवाज घोगरा, घासत येणारा.

“नाही, मोठ्यांसाठीच आहे.”

“मंग एवढं सोपं काहून ठेवलं?”

बुद्धीचा प्रश्न तिथं मिटला. तो माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. गुरांचे दलाल दातांवरून वय सांगतात हे मी ऐकून होते, म्हणून मी ओठ मिटून घेतले.

“बैलाचं सांगतो जी,” तो म्हणाला. “बायायचं नाई सांगत.”

तो नकार का देतो हे मला आधीच कळलं आहे, अशी माझी समजूत होती. दलाल म्हणजे बोलण्यावर पोट. आवाज गेला की धंदा गेला. मी तयारीनंच बसले होते. टेबलावर पाटी-पेन्सिल ठेवली होती आणि माणूस न बोलता कसा जगू शकतो यावर एक छोटंसं भाषण मनात पाठ होतं. मी ते म्हणून दाखवलं. त्यानं ते सबंध ऐकलं. बाजारातल्या माणसाला समोरच्याला बोलू द्यायची सवय असते.

मग तो म्हणाला, “बाजारात दलाल बोलत नाई, बाई. बोलला तं चार जनाले भाव कळते.”

आणि त्यानं मला दाखवलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, माझ्या हातावर टाकला, आणि त्याखाली माझी बोटं धरली. जितकी बोटं धरली तितका आकडा. तळवा दाबला की अर्धा. बाहेर उभ्या माणसाला दोन हात आणि एक कापड दिसतं, बस्स. मी बसले होते त्या खुर्चीचा भाव करू, असं तो म्हणाला. मी नाही-होय करत बोटं सोडवत होते, तो परत धरत होता. एवढ्यात चादरी न्यायला आया आत आली. तिनं दुपट्ट्याखालचे आमचे हात पाहिले आणि चादरी न घेताच निघून गेली. त्या आठवड्यात माझ्याबद्दल वॉर्डात बरंच बोललं गेलं.

“खुर्ची गेली तुमची,” तो म्हणाला. “सस्त्यात गेली.”

म्हणजे धंद्याला आवाज लागतच नव्हता. माझं भाषण वाया गेलं होतं आणि पाटी-पेन्सिलही. मग नकार कशासाठी? तो म्हणाला, घरचा मामला हाय, आणि उठला.

घरचा मामला बाहेर यायला त्यानंतर अनेक बैठका लागल्या. त्याच्या बायकोला लहानपणी देवी आल्या होत्या, त्यात तिचे दोन्ही डोळे गेले होते. हे लग्नाआधी त्याला माहीत होतं. पोरबाळ झालं नाही. घरात दोघंच. बाजारातून आला की तो तिच्याजवळ बसायचा आणि सगळं सांगायचा. कोणती जोडी आली होती, शिंगं कशी होती, कोणी आजारी गाय सजवून आणली, रस्त्यात कोणाच्या घराला कोणता रंग दिला, पॉवर हाऊसच्या चिमणीतून आज काळा धूर होता की पांढरा. ती विचारायची आणि तो सांगायचा. दिवसभर तोंड बंद ठेवणारा हा माणूस घरी जाऊन बोलायचा, आणि तो ज्याला बोलणं म्हणत होता ते सगळं एका बाईसाठी होतं.

“मी मुका झालो तं घरात मी फिरून राहिलो का मांजर, हेच तिले कळनार नाई,” तो म्हणाला. “अशा जगन्यापेक्षा आहे तेवढं बोलून घेतो.”

पाटीवर लिहून दाखवा, खुणा करा, असं आम्ही शिकलेलं जे जे होतं ते सगळं समोरच्याला दिसतं हे धरून होतं. मी पुस्तकं काढून पाहिली. मुक्या नवऱ्याबद्दल होतं, आंधळ्या बायकोबद्दल होतं. दोघांचा एकत्र संसार कोणाच्या डोक्यात आला नसावा.

मी सर्जनला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “बायकोला ऐकू येतं ना? मग तिची काय अडचण?”

“ऐकू यायला समोरून काहीतरी निघावं लागतं,” मी म्हटलं.

“हे बघा, गाठ थांबत नाही. थोड्या दिवसांनी श्वास अडकेल आणि हा माणूस गुदमरून जाईल. मुकं राहायचं की मरायचं, एवढंच विचारा त्याला.”

सर्जन माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच तेवढंच दिसत होतं, आणि तेवढं खरंही होतं. मी संतापून दार जरा जोरात लावलं. परत येताना घाबरले, कारण हे मला कधी जमणार नाही असं वाटायला लागलं होतं.

पुढच्या वेळी दलाल खूश होऊन आला. ऑपरेशन करून घेतो म्हणाला. त्यानं तोड काढली होती.

“तिले सांगू का मी देवाले नवस बोललो होतो, आता मौन धरलं.”

“किती दिवसांचं?”

“सध्या तं एका वर्साचं. मंग वाढवून घेऊ.”

“आणि मानेला भोक असेल ते?”

“दुपट्टा गुंडाळून ठेवतो.”

“ती हात लावेल.”

याचा त्यानं विचार केला नव्हता. थोडा वेळ त्यानं छताकडे पाहिलं. “मौनात हात लावू देत नाई म्हनू.”

आमच्या इस्पितळात रोज नातेवाईक यायचे आणि हात जोडून सांगायचे, पेशंटला कॅन्सर आहे हे त्याला कळू देऊ नका. इथं पेशंटच नातेवाइकापासून लपवत होता. मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे मला पटत नाही, आणि त्याच्या मौनाची साक्ष मी देणार नाही. तो म्हणाला, तुमाले पटाले कोनं सांगतलं. सर्जन म्हणाला, होकार मिळाला ना, मग मौन धरू द्या. दोघांनी मिळून मला गप्प केलं. मी तिला जाऊन सांगू शकले असते, पण ते सांगणं त्याचं होतं, माझं नव्हतं. मी आठवडाभर सगळ्यांवर चिडत राहिले. घरी आईवरसुद्धा चिडले.

वॉर्डात दाखल झाल्यावर त्यानं गावच्या एका माणसाबरोबर घरी निरोप धाडला की मालकानं मौनाचं व्रत घेतलं आहे. आणि तिथंच त्याचं चुकलं.

निरोप मिळाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी एक शेजारीण त्याच्या बायकोला एस.टी.नं घेऊन आली. ठेंगणी, नीटनेटकी बाई, चेहऱ्यावर देवीचे व्रण. इस्पितळात कोणाला कुठं जायचं कळलं नाही की त्याला माझ्या दारात आणून सोडायचे, तशी तिलाही सोडली.

“तुमीच का समजावनाऱ्या बाई?” तिनं विचारलं. “मंग मले समजावा. ज्या मानसानं जन्मात एक उपास केला नाई, तो मौन काहून धरून राहिला?”

वॉर्डातून त्याला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला. मग खाली बसला आणि व्रताचं सांगायला लागला. देवाला कधी बोललो, का बोललो, कसं स्वप्न पडलं. सगळं त्या घासणाऱ्या आवाजात, मधे मधे श्वासासाठी थांबत. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिनं मधे तोडलं नाही. त्याचं संपेपर्यंत ऐकलं.

“झालं का सांगून?” ती म्हणाली. “आता खरं सांगा. गळा कापनार हायेत ना?”

मी ‘हो’ म्हटलं. त्यानं मान हलवून मला परवानगी दिली होती.

“आवाज जाईन?”

“जाईल.”

“मंग हे मले भेत होते?” ती माझ्याकडे तोंड करून म्हणाली. “बाई, याचा आवाज तं मागच्या दिवाळीलेच गेला. हा जो बोलून राहिला ना, हा कोनाचा आवाज हाय मले माहीत नाई. रोज संध्याकाळी एक परका मानूस माझ्या घरी येऊन बाजार सांगते. मी ऐकून घेतो, कारन आत माझा मानूस हाय हे मले माहीत हाय. हे काढून टाका. मानूस ठेवा.”

तो रडायला लागला. रडणंही घोगरंच होतं. तिनं चाचपत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. चादरी घ्यायला आलेल्या आयाला मी बाहेर पिटाळलं, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती गेली.

ऑपरेशन व्हायला थोडे दिवस होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, कमी बोला. तो दिवसभर बोलत होता. दुपट्टा तिच्या हातावर टाकून बोटं कशी धरायची ते शिकवत होता. मी मधे पडून एक बोट म्हणजे पाणी, दोन म्हणजे जेवण, तीन म्हणजे दुखतं, असं ठरवून द्यायला गेले. दोघांनी ऐकून घेतलं आणि वापरलं नाही. तिला बाजार पाहिजे होता. ती विचारायची, लाल जोडीचे किती आले असते, आणि तो बोटं दाबायचा. ती कधी म्हणायची महाग झालं, कधी म्हणायची फसले तुमी. शेजारच्या खाटेवरचे पेशंट आपापल्या घरच्या गाई-म्हशींचा भाव विचारायला लागले.

ऑपरेशन नीट झालं. नंतर मी वॉर्डात गेले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. मानेत नळी होती आणि श्वासाबरोबर तिच्यातून बारीक आवाज निघत होता. ती त्याच्या खाटेवर बसली होती. आधी तिनं ती नळी, तिच्या भोवतीचं कापड, सगळं हळूच चाचपून पाहिलं. मग दुपट्टा पसरला.

“मोठ्या डॉक्टराचे किती येतीन?” तिनं विचारलं.

त्यानं बोटं दाबली. ती हसली. “एवढेच? खाऊन-पिऊन तं बरे हायेत.” मग म्हणाली, “या बाईचे?”

मी म्हटलं, माझं राहू द्या. पण त्यानं भाव केलाच, आणि तिनं फक्त समाधानानं मान हलवली. तो किती होता हे मला आजही माहीत नाही.

थोडा वेळ गेला. तिचा चेहरा खिडकीकडे होता. आवाज थोडा खाली आणून तिनं विचारलं, “आन् माझ्यासारख्या आंधळीचे?”

दुपट्टा हलला आणि त्यानं आपला हात बाहेर काढून घेतला. मला वाटलं, थकला. किंवा नको ते विचारलं म्हणून राग आला. मी पुढे झाले, त्याची उशी सारखी करायला.

“राहू द्या बाई,” ती म्हणाली. तिचा हात तसाच कापडाखाली होता. “बाजारात माल विकाचा नसला का मानूस असा हात काढून घेते.”

नळीतून श्वास येत-जात होता.

“गळा होता तेव्हा इतक्या वर्सात हे कधी सांगतलं नाई यानं,” ती म्हणाली.