बंद करा म्हणलं होतं

"लाव कान," तो म्हणला. "सांग सगळ्यांना, काय बोलती मशीन? तुझ्या नवऱ्याचं नाव घेती का?"

कापसाच्या जिनिंगातली गडीमाणसं खो खो हसली. तो मालकाचा भाचा, आमचा मॅनेजर. मी वाकले, मशीनला कान लावला. आन मीबी हसले. न हसून जाणार कुठं?

मी एवढंच म्हणलं होतं, "साहेब, मशीन येगळी वाजायलीय. बंद करून बघा."

चुडाव्याहून रोज रेल्वेनं यायचे मी. लय वर्सं मशीनमंदी कापूस टाकला. आतली पाती रोलरला घासायला लागली की आवाज चिरका होतो. चामडं करपल्यावाणी वास येतो. मग कापूस आतून पेटतो. हे कुणी शिकवलं न्हाई. उभं राहून राहून पायात गोळे आले, तसंच हेबी आलं.

"तुला कापूस टाकायला ठेवलंय," तो म्हणला. "डोकं चालवायला नाही."

मी कापूस टाकला.

दुपारी भडका उडाला. शेजारी कमलमावशी होती. तिचा पदर पेटला. पोती टाकून आमी तिला इझवलं, तवर कोपरापस्तोर दोन्ही हात भाजले होते.

सरकारी दवाखान्यात मावशी आत कण्हायली, आन भाचा मला जिन्याखाली घेऊन गेला. आता मी ताई झाले होते.

"ताई, पोलिसांना सांगा, मावशीनं मोबाइल चार्जिंगला लावला होता. ठिणगी उडाली. तुम्हाला कामावर कायम करतो."

कमलमावशीकडं मोबाइलच नव्हता.

सकाळी माझ्या कानाला किंमत नव्हती. आता माझ्या तोंडाला होती.

मी पोलिसाला सगळं सांगितलं. आवाज, वास, भाच्याचा शब्द न शब्द. नवऱ्याच्या नावाचाबी. हवालदारानं मान वर केली.

"तू काय इंजिनिअर हाय का?"

"न्हाई. तिथं रोज उभी असते मी."

दुसऱ्या दिवशी मला गेटवरूनच हाकललं. केस अजून लोंबकळायलीय. मावशीची बोटं मिटत न्हाईत. सून घास भरवती.

आता दुसऱ्या जिनिंगात हाय. गेल्या गेल्या सगळ्या बायांना मशीन बंद करायचं बटन दाखवलं. आवाज चिरकला की साहेबाला हाक मारायची न्हाई. कुणाला विचारायचं न्हाई. बटन दाबायचं. मग शिव्या देऊ द्या, कामावरून काढू द्या. मशीन बंद झालेली आसंल.