जित्या नवऱ्याची विधवा

"इनके पति अब नहीं रहे," मॅडम माइकवर बोलली अन् माया खांद्यावर हात ठेवला.

टाळ्या पडल्या. माहा नवरा मागं उभा होता. रातपाळी करून, न झोपता आला होता बिचारा. माहं कौतुक पाहाले!

हिंदी मुलखातल्या जामुलची गोष्ट हाये. आमच्या वस्तीत एका संस्थेनं शिलाईचं सेंटर खोललं होतं. कोर्स झाला का मशीन फुकट. मले थे मशीन लय पाहिजे होती. नवरा कारखान्याच्या भट्टीवर, ठेकेदाराकडं, आज काम हाये त उद्या नाई. पोरगी दहावीत, गणितात कच्ची. मशीन घरी आली असती त तिची ट्यूशन लागली असती. बस, येवढंच डोक्यात होतं.

मशीन वाटपाच्या दिवशी मी पांढरी साडी नेसली. स्टार्च केलेली, निळ्या काठाची. आमच्यात चांगल्या दिवशी पांढरीच नेसतात, विहारात जाचं असो का कोनाचं लगन असो. कुंकू-मंगळसूत्र त आमच्या घरातून आईच्याच जमान्यात सुटलं. थे साडी नेसली का मले कोनाच्या बापाचं भेव वाटत नाई.

अन् संस्थेच्या मॅडमले काय दिसलं? रांडमुंड बाई! इतके दिवस मी सेंटरात येऊन रायली होती, पन घरी कोन हाये, हे तिनं तोंडानं कधी इचारलं नाई. साडी पाह्यली, कपाळ पाह्यलं अन् माया नवऱ्याले मारून टाकलं.

मी हळूच म्हटलं, "मॅडम, वो जिंदा हैं. पीछे खड़े हैं."

तिनं माइकवर हात ठेवला. तोंडावरचं हासू तसंच. "अब बोल दिया ना. फोटो हो जाने दो. मशीन चाहिए कि नहीं?"

सारी वस्ती माया नवऱ्याकडं पाहून रायली होती. कोनीतरी फिसकन हासलं. तो मान खाली घालून उभा. भट्टीसमोर छाती काढून राबनारा मानूस, पन तिथं चोरावानी उभा होता. आजही आठवलं का जीव जळते.

मनात आलं, गप राय. मशीन घे, घरी जाऊन त्याची समजूत काढू.

तेवढ्यात फोटोवाला म्हने, "दीदी, थोड़ा रोइए ना."

आग लागो तुया कॅमेऱ्याले! मी मॅडमच्या हातातून माइक हिसकला.

"मेरा आदमी जिंदा है. वो खड़ा है. मैं नहीं रोऊँगी."

मी खाली उतरली. मशीन तिथंच रायली. दुसऱ्या दिवशी सेंटरातून माहं नाव कटलं.

घरी जाता जाता नवरा बोलला, "घेऊन टाकाची होती मशीन. मी काई मेलो नसतो."

"तुमी नसते मेले," मी म्हटलं. "मी मेली असती."

शेजारनी अजून म्हनतात, घरी आलेली लक्ष्मी लाथाडली इनं. म्हनू द्या. शिकवा आमाले, मशीन बी द्या. हक्कानं घेऊ. आता वस्तीत कोनतीबी मदत घेऊन कोनी आलं का मी पयले सामोरं जातो. बदल्यात काय पाहिजे, इचारतो. रडता फोटो पाहिजे म्हनलं, का वापस धाडतो. पोरीची ट्यूशन अजून लागली नाई. तरी धाडतो. अन् धाडत राहीन.