फाटकावरची लाल झंडी

"दीदी, ये जिद नहीं, बीमारी है," एमआरआयची फिल्म उजेडाला धरून न्यूरोलॉजिस्ट म्हणाले. मला आधी लाज वाटली, मग रडू आलं. दीड वर्ष मी नवऱ्याशी नुसती भांडत होते.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानांजवळचा भाग झिजत जातो. यात आधी विसर पडतोच असं नाही. आधी स्वभाव बदलतो, स्वतःला आवरणं सुटतं. कोणी याला अल्झायमर समजतं, कोणी डिप्रेशन. आम्हीही आधी डिप्रेशनच्याच गोळ्या दिल्या.

हे रेल्वेत ड्रायव्हर होते. शंका आली की आम्ही घरीच परीक्षा घ्यायचो, "रायपूर ते गोंदिया सांगा." हे धडाधड एकेक स्टेशन सांगायचे, एकही चुकायचं नाही. डोकं ठणठणीत आहे म्हणून आम्ही निश्चिंत. मग दीर वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात यांनी शेजारच्या ताटातली जिलबी उचलून खाल्ली, वर हसले. सख्ख्या भावाच्या नावाचं जेवण होतं ते. मी महिनाभर यांच्याशी बोलले नाही. ते मला अजून खुपतं.

पुढे हे घरातून निघायचे ते थेट गोल बाजारात. दिसेल ते उचलायचं, तोंडात टाकायचं. एका दुकानदाराने कॉलर धरली, त्या दिवशी मुलगा म्हणाला, "आई, फाटक पे ताला लगा देते हैं."

"ताला काहून? ढोर हायेत का ते?" मी म्हटलं खरं, पण दुसरा उपाय माझ्याकडेही नव्हता.

मग यांची ड्युटीची पेटी आठवली. त्यातली लाल झंडी काढून फाटकाला बांधली. हे आले, बघितलं आणि उभे राहिले. जन्मभराची सवय ती! आता फिरायला जायचं असलं की मी लाल काढते, हिरवी दाखवते, आणि आम्ही दोघं निघतो.

हा आजार औषधाने बरा होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. चिडचिड तेवढी कमी होते. तुमच्याही घरातलं शहाणं माणूस एकाएकी लाज सोडून वागायला लागलं, तर आधी न्यूरोलॉजिस्ट गाठा, भांडायला जन्म पडलाय. आमच्या फाटकाला कुलूप नाही, हे मी ताठ मानेने सांगते.

परवा मी घाईत भाजीला निघाले. यांनी कित्येक महिन्यांत मला आपणहून हाक मारली नव्हती. त्याच यांनी मागून माझा पदर धरला.

"कमल, लाल हाय. थांब."

मी पिशवी खाली ठेवली आणि थांबले.