कवठातलं अंगण

एका रविवारी सकाळी मी वरवंट्याच्या दोन घावांत एक घर, एक अंगण आणि एक झाड उद्ध्वस्त केलं.

हे मी चटणीच्या लोभानं केलं. आदल्या संध्याकाळी शेजारच्या सिस्टर कापडी पिशवीत एक कवठ देऊन गेल्या होत्या. "मास्तर, लामत्याले..." असं काहीतरी त्या म्हणाल्या. माझ्या कानाला मोबाइल होता, मी नुसतं "हौ, हौ" केलं. सकाळी बायको बाजारात गेलेली, डब्यात गूळ होता, आणि आज आपण चटणी वाटून तिला चकित करावं अशी मला दुर्बुद्धी झाली. कवठ हाताला हलकं लागलं. फार पिकलं असेल, असं मीच ठरवून टाकलं.

फुटल्यावर आत हिरवं, केसाळ काहीतरी दिसलं. मला वाटलं, बुरशी धरली. चमच्यानं खरवडायला लागलो. तिसऱ्या चमच्यात एक दार आलं. उडदाच्या डाळीएवढं, निळं, उंबऱ्यासकट.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. तिच्याकडून काही घरी आलं, तर आधी कानाजवळ हलवून पाहा.

बालाघाटच्या आमच्या मोहल्ल्यात त्यांना कोणी नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या, म्हणून लहानथोर सगळ्यांच्या त्या सिस्टर. आयुष्यभर माणसांना टोचलं, निवृत्त झाल्यावर लोकरीला टोचायला लागल्या. "हे बरं हाय, मास्तर," म्हणायच्या. "रडत नाही, अन् पळून बी जात नाही."

हिवाळ्यात उंट घेऊन मारवाडचे मेंढपाळ आमच्या शिवारांतून जातात. त्यांच्याकडून सिस्टर लोकर आणत, रिठ्याच्या पाण्यात धूत, पळसाच्या फुलांत नाहीतर हळदीत रंगवत. मग मोकळा पुंजका स्पंजावर ठेवायचा आणि बारीक खाचांच्या सुईनं टोचत बसायचं. शिवण नाही, वीण नाही, डिंकाचा थेंब नाही. केसात केस अडकत जातो आणि पुंजक्याचा डोंगर होतो. "टोचल्याशिवाय धरत नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. बहुतेक वेळा ते लोकरीबद्दल असायचं, कधीकधी माझ्याबद्दल.

हे सगळं त्या झाडांनी आणि नदीनं आधीच करून ठेवलेल्या डब्यांत बसवत. वैनगंगेतल्या शिंपल्यात वैनगंगेचाच काठ. बेलाच्या कवचीत उकव्याचं जंगल, कारण पहिली नोकरी तिथली. त्यात तिथल्या मँगनीजच्या खाणीचा काळा ढीगसुद्धा होता, मेंढीच्या मूळच्या काळ्या लोकरीचा. यात माणूस का नाही, असं मी एकदा विचारलं.

"पाह्यणारा जाते न आत," त्या म्हणाल्या. "आधीच कोणी बसून असला, तं तो काहून जाईन?"

मी शिंपला डोळ्याशी धरला आणि खरंच काठावर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा चहावर साय आली होती.

अशा बाईचं कवठ मी फोडलं होतं. तुकडे ताटात घेऊन गेलो. त्यांनी ताटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"गोड होतं का?"

मग कळलं. साऱ्या मोहल्ल्याच्या या सिस्टर, पण सख्ख्या बहिणीशी सात वर्षं बोलत नव्हत्या. लामत्याला वडिलांच्या घरी थोरली राहते. अंगणात कवठाचं झाड होतं. थोरलीच्या मुलानं ट्रॅक्टर आणला, तेव्हा शेडसाठी ते तोडलं. 'झाड उभं कर, मंग येतो,' असं म्हणून सिस्टर निघून आल्या. आता त्यांनीच ते झाड उभं केलं होतं, त्याच झाडाच्या शेवटच्या कवठात. टोपी कापून, आत अंगण करून, टोपी मेणानं पुन्हा बसवली होती. आणि मी ते लामत्याला पोचवायचं होतं.

"भांडण मिटवाले?" मी विचारलं.

"मिटवाले काहून? तिले दिसलं पायजे, काय तोडलं थे." मग बराच वेळ त्या तुकडे हाताळत राहिल्या. "बरं झालं फुटलं. हे पाहून थोरली अजून पेटली असती."

हे खरं होतं की माझी समजूत काढण्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी बाजारातलं एक कवठ कापायला घेतलं. या वेळी अंगण आज आहे तसंच करायचं, शेडसकट. पण आजचं अंगण त्यांनी पाहिलं कुठं होतं? मी लामत्याच्या शाळेत शिकवतो, रोजची ये-जा. हेरगिरी माझ्याकडं आली, आणि ती तीन आठवडे चालली.

"शेडच्या टिना कोन्त्या रंगाच्या?"

"टिनाच्या रंगाच्या."

"मास्तर, पोट्ट्याईले काय शिकवता तुम्ही? झाडाचा खुंट हाय का उपटला?"

"आहे. तुमची बहीण बसली होती त्यावर. पायाला फडकं बांधून."

सुई थांबली.

"कोन्ता पाय?"

"डावा. आंगठ्यापाशी."

"कवापासून?"

"मी पहिल्यांदा अंगण पाहायला गेलो, तेव्हाही होतं."

"म्हंजे वीस दिवस. माश्या बसतात?"

"हौ. हाकलत होत्या."

सिस्टरनी सुई स्पंजात खोचली. "आमच्या मायले शुगर होती," एवढंच म्हणाल्या.

सकाळी बसमध्ये माझ्या शेजारी सिस्टर होत्या, मांडीवर ड्रेसिंगचं सामान. कवठ घरीच राहिलं होतं. "झाड गेलं थे गेलं," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पाय नाही जाऊ द्याचा."

सात वर्षांनी पहिलं कोण बोलतं, हे पाहायला मी शाळेला उशीर केला. थोरलीनं नुसती मान वर केली. सिस्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, फडकं सोडलं, वास घेतला.

"काय लावत होती व यावर?"

"हळद."

"अन् मी मेली होती का?"

थोरलीनं पाय मागं घेतला नाही. 

आंगठा गेला, पाय वाचला. आठ दिवसांसाठी गेलेल्या सिस्टर मग परतल्याच नाहीत. त्यांच्या खोलीची किल्ली आमच्याकडं आहे. टेबलावर ते कवठ तसंच पडलंय. शेड झाली आहे, खुंट झाला आहे, अंगणाच्या जागी नुसता सैल पुंजका. आणून देऊ का, पूर्ण करा, असं मी त्यांना विचारलं.

"काहून? आंगण इथंच हाय न."

मागच्या महिन्यात बायकोला घेऊन गेलो. दोघी भांडत होत्या. चहात साखर कोणी टाकली इथून सुरुवात होती, बापाची लाडकी कोण इथपर्यंत पोचल्या होत्या. आम्हाला बसायला खाट दिली आणि पुन्हा तिथूनच पुढं सुरू झाल्या. निघताना आम्ही राम राम केला, तो दोघींनी एकमेकींचं बोलणं न तोडता हातानंच घेतला.

बसमध्ये बायकोनं आधी तिकिटं पर्समध्ये ठेवली. मग म्हणाली, "किती मन लावून भांडत होत्या. सात वर्सं फुकट गेली बिचाऱ्याईची."