आबांच्या ट्रकचा जुना दांडा

मंडळी, हौसेपायी आबांच्या ट्रकची मी पार वाट लावली, असं आज दुपारी वाटलं होतं.

आबा म्हणजे माझे वडील. याच ट्रकनं त्यांनी आयुष्यभर बिद्रीच्या साखर कारखान्याला ऊस ओढला. गियरचा दांडा स्टेअरिंगलाच होता, पण झिजून सारखा अडकायचा. म्हणून कागलच्या मिस्त्रींकडून मी स्टेअरिंग दुरुस्त करून घेतलं आणि नवा गियर खाली, सीटशेजारी बसवून घेतला. जुना दांडा शोभेला तसाच ठेवला.

आज आम्ही दोघं ट्रक आणायला गेलो. आबांनी क्लच दाबला आणि हात गेला जुन्या दांड्यावर. तीनदा तसंच झालं. ते खाली उतरले. "पोरी, आता तूच चालीव."

माझा चेहराच पडला. मिस्त्री म्हणाले, "थांबा की आबा." त्यांनी दोन वायरी ओढून हॉर्न जुन्या दांड्याला जोडला. हात चुकला की हॉर्न वाजणार.

आबा परत चालवायला बसले. कागल सोडताना प्रत्येक गियरला हॉर्न वाजला. निम्म्या वाटेत हात सुधारला, हॉर्न थांबला. मुरगुडात शिरताना मात्र पुन्हा सुरू.

"आबा, परत चुकला हात?"

"न्हाय गं. आपलं गाव आलं की."