काकूंचा नंबर

नव्वदच्या दशकात मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. घरी फोन नव्हता, म्हणून ऑफिसात शेजारच्या काकूंचा नंबर दिलेला. साहेबांना सगळं नेमकं सुट्टीच्या दिवशी आठवायचं. काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि मी ओल्या केसांनी पळत जायचे.

एकदा विचारलं काय, तर नवे हातमोजे कुठल्या कपाटात आहेत! कारखाना बंद, घालणार कोण? माझं डोकंच फिरलं. "उद्या सकाळी काढून देते," म्हटलं आणि रिसीव्हर ठेवला.

दारापर्यंत पोचते न पोचते तोच फोन पुन्हा वाजला. मी घरी नाही म्हणून सांगा, असं काकूंना खुणावलं. पण काकूंना खोटं बोलता येत नसे. त्या म्हणाल्या, "ती इथंच उभी आहे हो, पण येत नाही म्हणतेय. आज सुट्टी आहे ना तिला?"

दुसऱ्या दिवशी साहेब घुश्श्यात होते. मी हातमोजे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि कामाला लागले. सुट्टीचे फोन थांबले.

पुढे आमच्याकडे स्वतःचा फोन आला. साहेबांनी लगेच नंबर मागितला.

"काकूंचाच राहू द्या," मी म्हटलं.